गंधकाच्या डोंगरावरची पहाट



सूर्योदय पाहायला मध्यरात्री अंथरुणातून उठणाऱ्या माणसांना शहाणं म्हणायचं की वेडं, हा प्रश्न गेल्या वर्षी आम्ही स्वतःलाच विचारला. उत्तर अजून सापडलेलं नाही. पण त्या रात्री जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून आजचा हा मजकूर.

झालं असं. आमची थोरली लेक आणि जावई यांनी पैसे साठवून आम्हा दोघांना जावा बेटावर नेलं. बोरोबुदूरचा स्तूप डोळ्यांनी पाहावा ही आमची फार जुनी इच्छा. तो पाहिला, मन भरून आलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू. परतीच्या आधी हातात चार दिवस होते. जावई म्हणाले, "बाबा, आलोच आहोत तर ज्वालामुखी पाहू. रात्री चढायचं, वर पहाट बघायची. वाटाड्या बरोबर असतो, काळजी नाही." आम्ही सहचारिणींकडे पाहिलं. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. आणि कसं कोण जाणे, हो म्हणून मोकळ्या झाल्या.

जावाच्या पूर्व टोकाला बान्युवांगी नावाचं गाव आहे. समोर अरुंद खाडी आणि पलीकडे बाली बेट. या गावाच्या मागं इजेन डोंगर. त्याची उंची २,७६९ मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या दीडपटीहून जास्त. सगळं चढायचं नसतं. पालतुडिंग नावाच्या नाक्यापर्यंत, म्हणजे साधारण १,८५० मीटरपर्यंत गाडी जाते. तिथून तीन किलोमीटर पायवाट. रात्री बाराला निघालो, दीडच्या सुमारास नाक्यावर पोचलो. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, तरी दात वाजत होते. तिथं तिकिटाबरोबर डॉक्टरचा दाखलाही बघतात. आमचा रक्तदाब त्या दिवशी शहाण्यासारखा वागला होता.

आमचा वाटाड्या चाळिशीचा, अंगानं सडपातळ, हसरा. त्यानं प्रत्येकाला कपाळावर बांधायचा दिवा आणि तोंडाला लावायचा गॅसचा मुखवटा दिला. आम्हाला तो 'पाक' म्हणे, सहचारिणींना 'इबू'. पाक म्हणजे बाबा, इबू म्हणजे आई. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, लेक त्यातून अर्थ लावून सांगे. एक शब्द मात्र आम्हाला भाषांतराशिवाय कळला. "पेलान, पेलान!" हळू, हळू. दर दहा पावलांवर तो ते म्हणायचा. लहानपणी अंधारात नदीवर जाताना आजी म्हणायची तसंच.

पहिले दोन किलोमीटर खडा चढ. दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच झाडं, वर चांदण्यांचा खच, आणि वाटेवर शे-दोनशे माणसांच्या कपाळावरचे दिवे वर सरकताना दिसत होते. अर्ध्या तासात आमच्या छातीचा भाता झाला. सहचारिणी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा पुढं. मी इथंच पहाट बघते."

तेवढ्यात अंधारातून तीन माणसं आली. त्यांच्याबरोबर लोखंडी गाडा, त्यावर उशी टाकलेली. एक मागून ढकलायला, दोघं पुढून दोरानं ओढायला. "टॅक्सी, इबू? लॅम्बोर्गिनी!" असं म्हणून हसले. गाड्याला तिथं गमतीनं हेच नाव पडलंय. ज्याला चढवत नाही त्यानं त्यात बसायचं, हे तिघं वर ओढून नेतात.

वाचकहो, आमच्या अंगावर सर्रकन काटा आला. थंडीचा नव्हे.

आमचे वडील मुंबईत दाणाबंदरात हमाल होते. पाठीवर शंभर किलोची गोणी, हातात लोखंडी आकडा, आणि मानेखाली बैलाच्या वशिंडासारखा घट्टा. रात्री आई त्यावर गरम तेल चोळायची, तेव्हा ते डोळे मिटून गप्प बसायचे. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात कायम राहिलं: "मी वजन उचललं, तुम्ही पुस्तक उचला." आम्ही पुस्तक उचललं, नोकरीला लागलो, लेक शिकली, परदेश पाहिला. आणि आता माणसानं ओढलेल्या गाड्यात आपल्या घरच्यांना बसवायचं? आम्ही ताडकन म्हणालो, "नको. आम्ही माणसाच्या खांद्यावर बसत नाही. गरज पडली तर खाली परत जाऊ."

लेकीनं ते जरा गोड करून सांगितलं. गाडेवाले मान हलवून बाजूला झाले. पण आमचा वाटाड्या आमच्याकडे बघत राहिला. मग त्यानं जाकिटाची साखळी ओढली, शर्ट खांद्यावरून सारला आणि कपाळावरचा दिवा तिकडं वळवला. खांद्यावर लिंबाएवढी गाठ. वडिलांच्या मानेखाली होता तसलाच घट्टा.

त्यानं सांगितलं ते असं. तो स्वतः अनेक वर्षं या डोंगरात गंधक वाहत होता. डोंगराच्या पोटातून गंधकाची वाफ सतत बाहेर पडते. कामगारांनी त्या भेगांवर लांब नळ बसवलेत. वाफ नळातून येता येता निवते आणि तिचा लालभडक रस खाली गळतो. थंड झाला की पिवळाधमक दगड. पहारीनं फोडायचा, बांबूच्या दोन टोपल्यांत भरायचा, कावड खांद्यावर घ्यायची. वजन सत्तर ते नव्वद किलो. आधी विवराच्या तळापासून काठापर्यंत तीनशे मीटर उभा चढ, मग काठापासून नाक्यापर्यंत तीन किलोमीटर उतार. दिवसाला दोन खेपा. किलोमागं हजार-बाराशे रुपिया, म्हणजे आपले पाच-सहा रुपये. हे सगळं त्या धुरात, पुष्कळदा तोंडाला नुसतं ओलं फडकं बांधून. धुरानं डोळे चुरचुरतात, घसा सोलतो, दात झिजतात.

"हा गाडा आला," तो म्हणाला, "तेव्हा पहिल्यांदा काठापासून खालचं गंधक खांद्यावरून उतरलं. मग पाहुण्यांना ओढायला लागलो. एका पाहुण्याला वर नेऊन खाली आणलं की तिघांत वाटूनसुद्धा माणशी तीन खेपांचे पैसे सुटतात. आणि फुप्फुसात धूर जात नाही. पाक, तुम्ही नाही बसलात तर ते उद्या परत विवरात उतरतील."

आम्ही गप्प. काय बोलणार? आमचा स्वाभिमान खरा होता, पण त्याची किंमत त्या तिघांच्या खिशातून जाणार होती. निर्णय केला तो सहचारिणींनी. त्या उठल्या, गाड्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सासऱ्यांनी ओझं उचललं ते घर चालावं म्हणून. यांचंही घर चालू दे. पण सांगा त्यांना, जिथं सपाट आहे तिथं मी चालणार. आणि भावात घासाघीस करायची नाही." आम्ही गाड्याच्या बाजूनं चालत राहिलो. एका खड्या वळणावर गाडा अडला तेव्हा आम्ही आणि जावयांनी मागून हात लावला. गाडेवाले हसले. आम्हाला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

काठावर पोचलो तेव्हा अजून काळोख होता. खाली विवरात निळ्या ज्योती नाचत होत्या. घरच्या गॅसच्या शेगडीची ज्योत असते तो रंग, पण पुरुषभर उंच. काही लोक त्याला निळा लाव्हा म्हणतात, ते चूक. तापलेला गंधकाचा वायू भेगांतून सहाशे अंशांपर्यंतच्या उष्णतेनं बाहेर येतो, हवा लागताच पेटतो. गंधक जळतं ते निळंच. दिवसाही ते जळतच असतं, उजेडात दिसत नाही एवढंच. आमची गुडघी पाहता आम्ही तळाशी उतरलो नाही. डोंगराची लक्षणं ठीक नसली की तिथं उतरायला बंदीही करतात, आणि ते योग्यच. मार्च २०१८ मध्ये या विवरातून एकाएकी विषारी वायू सुटला होता. पंचवीस-तीस माणसांना इस्पितळात न्यावं लागलं, आसपासच्या वस्त्या हलवाव्या लागल्या.

मग पाचच्या सुमारास पूर्वेला, बालीच्या बाजूला, राखाडी रेघ उमटली. रेघ केशरी झाली. निळ्या ज्योती फिक्या होत होत दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी खाली तळं दिसू लागलं. जवळजवळ किलोमीटरभर रुंद, मोरचूद विरघळवल्यासारखं हिरवं-निळं. इतकं देखणं की हात बुडवावासा वाटावा. पण ते पाणी कसलं, निव्वळ तेजाब! एवढं मोठं आणि इतकं तीव्र आम्ल असलेलं विवरातलं तळं जगात दुसरं नाही. काठाला झाड नाही, पाखरू नाही. नुसते राखेरी कडे, पिवळा धूर, आणि त्या धुरातून कावड घेऊन वर येणारी ठिपक्याएवढी माणसं.

शे-दोनशे माणसं सूर्याकडे तोंड करून फोटो काढत होती. आम्ही मात्र त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो. एकजण आमच्याजवळून गेला. कावड करकर वाजत होती, आणि त्या तालावर त्याची पावलं पडत होती. दाणाबंदरात वडिलांना डबा द्यायला जात होतो, तेव्हा गोणीखालच्या पावलांचा असाच ताल ऐकू यायचा.

जावयांनी तिथंच आम्हाला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. समुद्राच्या तळाचा खडक जावा बेटाखाली सरकत जातो, खोल गेल्यावर तिथला खडक वितळतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो. त्यामुळं इंडोनेशियात सव्वाशेच्या आसपास जागते ज्वालामुखी आहेत. आपल्या महाराष्ट्रातले कधीच निजले. पण आपला सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हाच. अजिंठा, कार्ले, भाजे ही लेणी त्यातच कोरलेली. सहचारिणी लगेच म्हणाल्या, "म्हणजे माझा पाटा-वरवंटाही ज्वालामुखीचाच की!" अगदी खरं.

दुसरा धागा तर रोजच्या चहातला आहे. या डोंगरातलं गंधक काडेपेटीला, रबराला आणि साखर पांढरी करायला जातं. आपल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक साखर कारखान्यांतही उसाचा रस गंधकाची धुरी देऊनच स्वच्छ करतात. ते गंधक इजेनचं नव्हे, पण कुठल्याही पांढऱ्याशुभ्र वस्तूच्या मागं कुणाचा तरी खांदा सोललेला असतो, हे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

उतरताना वाटाड्याला आम्ही वडिलांची गोष्ट सांगितली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला, मंडळं झाली, मजुरी मंडळात जमा होऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. पुढं शंभर किलोची गोणी जाऊन पन्नासची आली. १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली होती की प्रौढ पुरुषानं ५५ किलोंहून जास्त वजन उचलू नये. लेकीनं हे सगळं त्याला समजावलं. तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "पंचावन्न? पंचावन्नात माझ्या पोरीची फी निघाली नसती." आणि हसला. ते हसू आम्हाला अजून झोपू देत नाही. किलोवर मजुरी असली की माणूस स्वतःच स्वतःच्या खांद्यावर जास्तीचं वजन ठेवतो. कायद्यानं नुसतं वजन कमी करून भागत नाही, भावही वाढावा लागतो.

घरी परतल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये एक बातमी वाचली. माथेरानला माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाचा हा निकाल. आम्हाला त्यातली खरी मोलाची गोष्ट वाटली ती पुढची: रिक्षा ओढणाऱ्यांचं पोट मारू नका, त्यांना विजेवरच्या रिक्षा मिळतील अशी सोय करा. इजेनच्या अंधारात आम्हाला जे उत्तर सुचलं नव्हतं, ते हेच. गाड्यात बसावं की बसू नये, हा पाहुण्याचा प्रश्न झाला. ओढणाऱ्याला दुसरं काम द्यायचं कुणी, हा खरा प्रश्न.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडं नेणार असतील तर जरूर जा. मुखवटा चांगला घ्या, दम्याचा त्रास असेल तर जाऊ नका, वाटाड्याचं ऐका. कावडवाला समोरून आला की वाट सोडून उभे राहा. त्याला थांबवून फोटो काढू नका, थांबलं की ओझं दुप्पट होतं. आणि हमालाशी भावात घासाघीस करू नका.

नाक्यावर निरोप घेताना वाटाड्यानं सहचारिणींच्या हातावर गंधकाचा एक छोटा कासव ठेवला. रस साच्यात ओतून कामगार अशा वस्तू करतात आणि पाहुण्यांना विकतात. त्यानं पैसे घेतले नाहीत. आता तो कासव आमच्या कपाटात आहे, वडिलांच्या लोखंडी आकड्याशेजारी. नातू विचारतो, "आजोबा, हे दोन्ही एकत्र का ठेवलेत?"

आम्ही त्याला सांगतो, "आधी अभ्यास कर. मग सांगतो."