नोकरीला क्रूस म्हणू नका

आमच्या धर्मग्रामांतून एक उपदेश अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कामावरून परतलेली मुलगी ताटावर मान खाली घालून बसते, रविवारी दुपारपासूनच तिचा चेहरा उतरू लागतो, आणि एके दिवशी 'मला ही नोकरी नको' हे शब्द तिच्या तोंडून निसटतात. मग वडीलधारी मंडळी, शेजारी, क्वचित एखादे फादरही एकच उत्तर पुढे करतात : बाळ, हा तुझा क्रूस आहे, तो निमूटपणे वाहा. ह्या उत्तराला आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही हातचे राखून मांडणार नाही.

प्रभूने क्रूस स्वेच्छेने स्वीकारला, तोही इतरांच्या तारणासाठी. कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून वरिष्ठांची शिवीगाळ गिळणाऱ्या मुलाच्या वाट्याला ह्यांतले काय आले आहे? त्याच्या दुःखाला इतके थोर नाव देऊन आपण त्याचे समाधान करत नाही, त्याचे तोंड बंद करतो. शिवाय जो मालक माणसाला वेठीस धरतो, त्याच्या पदरात न मागता एक आशीर्वाद टाकतो.

ही भीती हवेतली नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात पुण्यात एका बड्या हिशेबतपासनीस कंपनीत काम करणारी केरळची २६ वर्षांची तरुणी मरण पावली. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाचा भार मुलीला सोसवला नाही, असे त्या माउलीचे म्हणणे होते. त्यावर, ताण पेलण्याचे अंतर्बळ मुलांना घरातून शिकवावे, अशा आशयाचे उद्गार एका केंद्रीय मंत्र्यांनी काढले व त्यावरून वादही झाला. त्याआधी २०२३ मध्ये एका ख्यातनाम उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोल गाजले. आपल्या माणसांना रविवारी कामाला लावता येत नाही ह्याची त्यांना खंत वाटत होती. रविवारची मिस्सा चुकली तर मुलाला जाब विचारणाऱ्या आमच्या घरांतून ह्या बोलांविरुद्ध कितीसा आवाज उठला? विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याचे सुमारे ६० किलोमीटर जाण्यात आणि तेवढेच येण्यात मोडतात. ते तास कोणत्या हिशेबात धरायचे, हे ह्या थोरांपैकी कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, श्रम पवित्र आहेत, ही तर ख्रिस्तसभेचीच शिकवण. आहेच. पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण ठरवला, तो उगाच नव्हे. पण पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे विश्वपत्र लिहिले, ते एकदा उघडून पाहावे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा आहे. कुटुंब पोसता येईल एवढे वेतन व कामगारांना संघटना करण्याचा हक्क, हे दोन्ही त्यात स्पष्ट सांगितले आहेत. हे लिहिणाऱ्याने स्वतः घाम गाळला होता. नाझी अंमलाखालील क्राकूव्ह शहरात १९४० पासून १९४४ पर्यंत तरुण कारोल वोयतिवा आधी दगडाच्या खाणीत व मग रसायनांच्या कारखान्यात राबत होते. कामाचा दाखला नसेल तर जर्मनीत वेठबिगारीला जावे लागण्याचे भय होते, म्हणून ते काम. त्याच दिवसांत ते चोरून भरणाऱ्या नाटकमंडळीत होते, आणि १९४२ पासून गुप्तपणे धर्मगुरुपदाचा अभ्यासही करत होते. अर्थात खाण ही त्यांची निवड नव्हती. आपण तेथे कशासाठी आहोत आणि संध्याकाळ कोणाची आहे, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू, कारण सारा दोष मालकांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. मुलाला नोकरीशी जखडणारा दोर पुष्कळदा आपणच वळतो. वसईच्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या केळी, पानवेल आणि फुले पिकली. पण 'शेतीत काय ठेवले आहे' हे वाक्य आपण मुलांना जन्मघुटीसारखे पाजले. नोकरी लागली की वर्षाच्या आत मोटारीचा हप्ता. मग लग्न : मांडव, बँड, केक, हजार पाने, आणि दोन्ही घरांची ईर्षा. त्यानंतर घराचे कर्ज. ह्या तिन्ही गोष्टी घडून गेल्यावर तो जेव्हा म्हणतो, 'बाबा, मला तेथे श्वास घेता येत नाही,' तेव्हा बाबांजवळ क्रूसाखेरीज देण्यासारखे काही उरलेलेच नसते! लग्नाच्या खर्चातून त्याच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला ठेवली असती, तर तो वरिष्ठांसमोर ताठ मानेने उभा राहिला असता. नोकरी सोडलीच असती असेही नाही.

नावडत्या नोकरीत राहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. घरात आजारी आई आहे, भावाचे शिक्षण व्हायचे आहे, म्हणून पाच वर्षे कंटाळवाणे काम प्रामाणिकपणे करणाऱ्याला आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. त्याने मुदत ठरवली आहे, कारण ठरवले आहे. मात्र मुळात काय नावडते, ह्याची चौकशी व्हायला हवी. काम नावडते, की कामावरचा माणूस? की रात्रपाळी, की प्रवास? साहेब नकोसा झाला असेल तर खाते बदलून मागता येते. कामच नकोसे असेल तर नवे काही शिकावे लागते, आणि शिकायला संध्याकाळ लागते. छळ होत असेल तर तारीखवार लिहून ठेवावे, लेखी तक्रार करावी. नोटिशीचा कालावधी नेमणूकपत्रात वाचावा. भविष्य निर्वाह निधी रागाच्या भरात काढून न घेता नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावा, कारण त्या योजनेतील पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा भरावी लागते. ह्या गोष्टी रूक्ष आहेत खऱ्या. पण रडणाऱ्या मुलीला त्यांचाच उपयोग होतो.

एका ठिकाणी मात्र आम्ही मुळीच तडजोड करणार नाही. शिकवणे नकोसे झालेला शिक्षक, रुग्णाचा वीट आलेली परिचारिका, ह्यांनी केवळ पेन्शनसाठी दिवस ढकलावेत हे आम्हांस मान्य नाही. ह्यांच्या कंटाळ्याची किंमत वर्गातली मुले मोजतात, खाटेवरचा म्हातारा मोजतो. अशांना 'टिकून राहा' म्हणणारा त्या मुलांचा विचार करत नाही.

येत्या १ मे रोजी धर्मग्रामांतून संत योसेफाची मिस्सा होईल, प्रवचनही होईल. त्यानंतर दोन तास सभागृहाचे दार उघडे ठेवावे, अशी आमची मागणी आहे. कामगार कायदा जाणणारा एक वकील, हिशेब जाणणारा एक बँकवाला, आणि नोकरी सोडून पुन्हा उभा राहिलेला धर्मग्रामातलाच एखादा माणूस, एवढे तिघे तेथे बसावेत. कोणालाही येऊन विचारता यावे, आईबाप सोबत नसले तरी. खुर्च्या लग्नांसाठी आणलेल्या आहेतच.