धुराचा दाम कुणाच्या नावावर?

कोळसा, डिझेल जाळून हवेत कार्बन सोडणाऱ्याने त्याचे पैसे मोजावेत, हे तत्त्व फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये कर लावून अमलात आणले. युरोपीय संघाने २००५ पासून कारखान्यांसाठी परवान्यांचा बाजार उभारला. चर्चा होते ती टनामागे दर किती, याची. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात बायांच्या गटांबरोबर काम करताना मला दुसराच प्रश्न पडतो: जमलेला पैसा कुणाच्या हातात जातो?

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून असा कर आहे. त्यातून लोकांना परत मिळणारा वाटा माणशी सारखा असतो. बाई, पुरुष, मूल, प्रत्येकाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यातून तो वजा होतो. कॅनडानेही २०१९ पासून इंधनावर आकार घेऊन बराचसा पैसा कुटुंबांना परत दिला. पण नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावे. २०२५ मध्ये तो आकारच बंद झाला. आपल्याकडे २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ मध्ये तो ४०० झाला. नाव होते स्वच्छ ऊर्जेचे. २०१७ पासून तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला, २०२५ मध्ये उपकरही संपला. चुलीच्या धुरात खोकणाऱ्या बाईचा त्यावर हक्क असा कधी नव्हताच.

आता २०२३ ची कार्बन क्रेडिट योजना आली आहे. तीत शेती आणि वनीकरणातूनही क्रेडिट मिळवता येईल. इथे आपण सावध व्हायला हवे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारचे डोंगर हिरवे झाले ते श्रमदानातून, कुऱ्हाडबंदी-चराईबंदीतून. अशी बंदी कुठेही आली की जळणासाठी, चाऱ्यासाठी लांब चालते ती बाई. उद्या झाडांतल्या कार्बनला भाव आला, तर करार होईल सातबाऱ्यावर नाव असलेल्याशी. तिथे तिचे नाव क्वचितच असते.

पैसा घरातच येणार ना, असे कुणी म्हणेल. घरात आलेला पैसा पुढे कुठे जातो, हे दारूबंदीसाठी लढलेल्या बायांना सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, हा विषय तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. कार्बनचा कोणताही करार आधी महिला सभेत वाचून दाखवावा, त्यावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असाव्यात, आणि निम्मी रक्कम थेट तिच्या खात्यात जमा व्हावी. गावरानावरच्या झाडांचा पैसा आला, तर भूमिहीन बायांचाही त्यात वाटा हवा. या मागण्या येत्या ग्रामसभेतच मांडूया. करार झाल्यावर फार उशीर झालेला असेल.