सॉफ्टवेअर करतं म्हणजे कोण करतं?

"आत्या, ते सगळं आता सॉफ्टवेअर करतं!" हे वाक्य भाचेमंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. निमित्त रस्त्याच्या उभ्या वक्राचं. चढ संपून उतार लागतो तिथे त्या दोन सरळ रेषा जोडणारी कमान म्हणजे उभा वक्र. सिव्हिल थ्रीडीत दोन रेषांवर टिचकी मारा, लांबी भरा, कमान तयार. मग शाळेत अन्वस्त कशाला शिकवायचा, असा सवाल!

अहो, पण ती कमान अन्वस्ताचीच असते ना! अन्वस्तात चढ अंतराबरोबर एकसारखा बदलत जातो, म्हणून गाडीला हिसका बसत नाही. आणि लांबी भरा म्हणजे किती भरा? ती कुणी सांगायची?

तीन टक्के चढ आणि तीन टक्के उतार असा माथा घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रात चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच आणि पलीकडचा अडथळा १५ सेंटिमीटर धरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला वेळेत थांबायचं तर ८० मीटर पुढचं दिसायला हवं; कमान येते सुमारे ८७ मीटर. वेग ८० धरलात तर १२० मीटर दिसायला हवं, आणि कमान होते १९६ मीटर! वेग एक तृतीयांशाने वाढला, कमान सव्वादोनपट. सूत्रात अंतराचा वर्ग आहे, दुसरं काय! आता लांब कमान म्हणजे माथा जास्त खोदायचा, म्हणजे खर्च. तेव्हा वेगाच्या रकान्यात ६० लिहिण्याचा मोह कुणाला होईल हे सांगायला नको. त्या रस्त्यावर गाड्या खरोखर किती वेगाने धावणार, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. दिलेल्या आकड्याला चोख उत्तर देतं, बिचारं.

खोलगट भागाची तऱ्हा वेगळी. तिथे दिवसा सगळं दिसतं. हिशेब रात्रीचा, हेडलाइटच्या उजेडाचा. कमान आखूड ठेवली तर उजेड समोरच्या चढावर जवळच अडतो. स्क्रीनवर मात्र सदा दुपारच!

सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही. दर दहा मीटरची उंची हाताने काढत बसा, असं मी म्हणत नाही (आमच्या वेळी वगैरे तर नाहीच). पण अभियांत्रिकीच्या मुलांकडून निदान एक माथा आणि एक खोलगा कागदावर सोडवून घ्या. आणि नकाशावर कमानीशेजारी ठळक लिहा: वेग किती धरला, आणि तो कुणी ठरवला.