भीड भिकेची बहीण

आपल्या राजगुरुनगरच्या बाजारपेठेतून जाताना एखाद्या किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी हमखास दिसते. दुकानदाराला ती लावता येते, कारण त्याच्यापुढे गल्ला असतो, मागे फळी असते आणि समोरचा माणूस गिऱ्हाईक म्हणूनच आलेला असतो. माझ्या आईला मात्र अशी पाटी लावता येत नाही. तिचे गिऱ्हाईक म्हणजे कुणाची नणंद, कुणाची विहीण, नाहीतर शाळेतल्या बाई. त्यांच्यापुढे पाटी कशी लावायची?

चासकमान धरणाच्या वरच्या अंगाला आमचे गाव आहे. तिथे अकरा बायकांचा एक बचत गट आहे. नाचणीचे पापड, कुरडया, सांडगे आणि घरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ हा त्यांचा माल. माल उत्तम असतो, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, तर खाणाऱ्यांनी दुसऱ्यांदा मागवलेला आहे म्हणून सांगतो. पण गटाची एक वही आहे, आणि त्या वहीत गेल्या उन्हाळ्यात मी बेरीज केली तेव्हा नऊ हजार चारशे रुपये उधारी निघाली. त्यातली काही नावे तीन वर्षांपूर्वीची होती. मी आईला म्हणालो, "माग की त्यांच्याकडे." ती म्हणाली, "आरं, पापडाच्या पैशासाठी का दारात जायचं? बरं दिसंल का ते?"

आपल्याकडे म्हण आहे, 'भीड भिकेची बहीण'. ती म्हणणारे पुष्कळ असतात. तिचा जाच मात्र कष्टकरी घरांनाच अधिक होतो. ज्याने उधार नेले तो निर्धास्त असतो आणि ज्याने घाम गाळला तो शरमेने मान खाली घालतो. आपल्या हक्काचे पैसे मागणे म्हणजे हलकेपणा, असे आपल्याला लहानपणापासून का वाटत आले आहे? मला प्रामाणिकपणे वाटते की या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्राच्या तासाला जितका व्हायला हवा, तितकाच मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या तासालाही व्हायला हवा.

गेल्या दिवाळीच्या आधी मी गटासाठी इंटरनेटवर एक छोटे दुकान उघडले आणि त्याला पेमेंट गेटवे जोडला. माझे काही मित्र हसले. त्यांचे म्हणणे, हे काम कॉम्प्युटरच्या मुलांचे, बी. ए. वाल्याने फार तर दुकानाला नाव सुचवावे. या लेखाचा खटाटोप त्या हसण्याला उत्तर देण्यासाठीच आहे.

पेमेंट गेटवे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन जाणाऱ्याला अडत्या ठाऊक असतो. शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये अडत्या उभा राहतो, पैसे पोचते करतो आणि आपली अडत घेतो. पेमेंट गेटवे हा या नव्या बाजारातला अडत्याच. गिऱ्हाईक पुण्यात असो की नागपुरात, त्याच्या बँकेतून पैसे घेऊन आपल्या बँकेत पोचवणे हे त्याचे काम. फरक इतकाच, की रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम करून, पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपन्यांना ते पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले. म्हणजे व्यापाऱ्याचे पैसे कंपनीला आपल्या धंद्यात फिरवता येत नाहीत.

हे सारे परदेशातून आलेले थेर आहे, असेही कुणी समजू नये. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली आणि १८८० साली मनिऑर्डर. पोस्टमनने पुस्तकाचे पार्सल दारात आणायचे, पैसे घ्यायचे, मगच पार्सल हाती द्यायचे आणि ते पैसे प्रकाशकाकडे पोचवायचे, ही रीत आपल्या आजोबांच्या पिढीला चांगली ठाऊक होती. पुण्या-मुंबईची पुस्तके खेड्यापाड्यात अशीच पोचली. अनोळखी माणसांमध्ये विश्वास कसा उभा करायचा, हाच तेव्हाचा प्रश्न होता आणि आजचाही आहे. तेव्हा मध्ये पोस्टमन होता, आज यंत्र आहे. पोस्टमनला उधार मागायला कुणी धजत नसे, तसे यंत्रालाही कुणी मागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे लागले ते सांगतो, कारण ऐकीव माहितीने भीती वाढते. दुकान वर्डप्रेसवर, आणि त्यात विक्रीसाठी वूकॉमर्स नावाची जोडणी. गेटवे कंपनीचा प्लगइन त्यात बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. खरे काम त्याच्या आधीचे होते. कंपनीच्या अर्जात 'व्यवसायाचा प्रकार' विचारला होता. मालकी, भागीदारी, कंपनी, विश्वस्त संस्था असे पर्याय होते. अकरा बायकांचा बचत गट त्यांत कुठेच बसत नव्हता. शेवटी आईच्या नावाने उद्यम नोंदणी केली. ती २०२० पासून आधार क्रमांकावर फुकट होते. मग आईचे पॅन, बँकेचे खाते, अन्न सुरक्षा नोंदणी अशी कागदपत्रे जोडली.

इथे गटात पहिली ठिणगी पडली. एक मावशी बैठकीत सरळ म्हणाल्या, "पैशे समद्यांचे, मग खातं एकटीचं का?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर कुठल्याही प्लगइनमध्ये नव्हते. दोन बैठका झाल्या. शेवटी इतिवृत्तात ठराव लिहिला, की दर शनिवारी आलेल्या रकमेचा तक्ता वाचून दाखवायचा आणि रक्कम गटाच्या खात्यात वळवायची. अकराही जणींनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे उठवले. तो ठराव मी लिहिला. बी. ए. च्या वर्गात शिकलेली भाषा मला पहिल्यांदा पोटापाण्याच्या कामाला आली ती त्या दिवशी.

दुसरे काम त्याहून मजेचे. माल परत घेण्याचे धोरण दुकानावर लिहिलेले असावे, अशी कंपनीची अट होती. इंटरनेटवरचे एखादे इंग्रजी धोरण उचलून चिकटवणे सोपे होते, पण मग आमच्या बायका कशाला बांधल्या गेल्या हे त्यांनाच कळले नसते. म्हणून आधी मराठीत लिहायला बसलो. वाटेत मोडलेला पापड परत घ्यायचा का? तळून पाहिल्यावर आवडला नाही तर? तांदळात किडा निघाला तर पैसे द्यायचे की तांदूळ बदलून द्यायचा? तासभर वाद झाला. शेवटी ठरले, की तुकडे निम्म्याहून अधिक असतील तर फोटो पाठवावा, नवे पाकीट मिळेल. आणि किडा निघाला तर पैसे परत, वर माफी. शब्द देणे आणि तो नेमक्या भाषेत मांडणे, हे काम कॉम्प्युटरचे आहे की आपले?

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे, तीही लपवीत नाही. कंपनी दोन किल्ल्या देते, एक उघडी आणि एक गुप्त. गुप्त किल्ली तिजोरीच्या किल्लीसारखी सांभाळायची, कुणाला व्हॉट्सॲपवरही पाठवायची नाही. आधी चाचणीच्या किल्ल्यांनी खोटे व्यवहार करून पाहायचे, मग खऱ्या किल्ल्या बसवायच्या. एवढे मी नीट केले. पण वेबहुक नावाचा एक निरोप्या असतो, त्याचा पत्ता भरताना मी चूक केली. पैसे जमा झाले की गेटवे आपल्या दुकानाला परस्पर निरोप धाडतो, तो हा. गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे भरून आमच्या पानावर परतलेच नाही, तर दुकानाला पैसे आल्याचे या निरोपावरूनच कळते. माझा निरोप्या चुकीच्या दारावर थापा मारीत राहिला. दिवाळीच्या आठवड्यात सहा जणांचे पैसे कापले गेले आणि आमच्याकडे 'पैसे बाकी' असेच दिसत राहिले. निगडीच्या एका गृहस्थांचा फोन आला, "पैसे घेऊन गप्प बसता होय?" आई दिवसभर जेवली नाही. आयुष्यभर जिने स्वतःचे पैसे मागितले नाहीत, तिला दुसऱ्याचे पैसे ठेवून घेतल्याचा आळ सहन होणे शक्यच नव्हते. मी गेटवेच्या हिशेबात एकेक व्यवहार ताडून पाहिला, पत्ता दुरुस्त केला आणि सहाही जणांना स्वतः फोन करून क्षमा मागितली. माल दुसऱ्या दिवशी रवाना झाला.

त्या निमित्ताने एक नियम कळला, तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानाला ते मिळाल्याची खात्री आलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की एवढे कशाला? क्यूआर कोडचा फोटो पाठवावा, पैसे येतात, यूपीआयवर कमिशनही नाही. हे बरेचसे खरे आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याला लागणारा आकार शून्य केला गेला. चार गिऱ्हाईके असतील तर क्यूआर कोडच बरा. पण चाळीस झाली, की कुणाचे पैसे कुठल्या मागणीचे हे जुळवताना रात्र जाते. शिवाय पैसे पाठवल्याचा खोटा फोटो दाखवून माल नेणारे महाभागही आहेत. गेटवे प्रत्येक पैशाला मागणीचा क्रमांक बांधून देतो. त्याची अडत साधारण दोन टक्के आणि त्या अडतीवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे पाचशेच्या मागणीवर दहा रुपये आणि वर एक रुपया ऐंशी पैसे. हाती येतात चारशे अठ्ठ्याऐंशी रुपये वीस पैसे. यूपीआयवरही काही कंपन्या सेवाशुल्क लावतात, म्हणून करार वाचल्याशिवाय सही करू नये. हे अकरा रुपये ऐंशी पैसे मला खुपतात. पण वहीतल्या नऊ हजार चारशेंपुढे ते काय आहेत?

आणि ही अडत कुणी सोसायची, हा प्रश्न जुनाच आहे. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने २०१६ साली ठरवले. त्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे ओरडावे लागले. लहान विक्रेत्यांकडून किती अडत घ्यावी, यावर उद्या असाच वाद होईल. त्यात बोलायचे तर आधी हिशेब समजायला हवा.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. आमचे एक सर म्हणाले, "अशाने माणसामाणसांतला जिव्हाळा आटेल. उधारी हेही एक नातेच आहे." सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की जे नाते एकाच बाजूच्या पदराला खार लावून टिकते, ते आटले तर दुःख कसले? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. कष्टाचा मोबदला वेळच्या वेळी हाती पडणे हा त्या संस्थेच्या रीतीचा भाग राहिला. त्यामुळे बायकांतला जिव्हाळा आटला नाही, तो वाढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. पैशाचा विचार करणे हा हलकेपणा आहे, असे त्यांना वाटले असते तर?

म्हणून माझी महाविद्यालयाला एक विनंती आहे. आपल्याकडची बरीच मुले बी. ए. होऊन चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागतात. त्यात कमीपणा नाही. परंतु त्यांच्याच घरी आया-बहिणी जे करतात, त्याला बाजार मिळवून देणारे हात गावात उरत नाहीत. 'कमवा व शिका' योजनेत झाडांना पाणी घालणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे ही कामे आहेतच. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस मदतीचे टेबल का असू नये? मराठीच्या विद्यार्थ्यांनी करार आणि धोरणे मराठीत उतरवावीत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अडतीचा हिशेब मांडून द्यावा आणि कुणीतरी शेजारी बसून अर्ज भरावा. तालुक्यातल्या गटांना हे लाख मोलाचे होईल, आणि आपल्या पदवीला घरी काही अर्थ आहे हे आपल्यालाही कळेल.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही. वडील अजूनही विचारतात, "बी. ए. करून काय होणार?" गेल्या महिन्यात शनिवारच्या तक्त्यात तीन हजार सातशे रुपये निघाले आणि त्यात उधारीचे नाव एकही नव्हते. आईने तक्ता दोनदा वाचायला लावला. जुनी वही तिने फेकलेली नाही. पण परवा ती मला म्हणाली, "ह्यातल्या तीन वर्षामागच्या लोकांना तुझ्या दुकानातूनच निरोप धाड. मी नाय मागत, ते मशिन मागतंय म्हणावं."

मित्रहो, ती स्वतःच्या तोंडाने मागेल तो दिवस अजून यायचा आहे. पण तिला मागावेसे वाटू लागले आहे, आणि मी इथे जे काही शिकलो ते तेवढ्याने सार्थकी लागले, असे मी समजतो.

(द्वितीय वर्ष, कला)