कालव्याचे पाणी आधीच किमतीत

शेअरबाजाराचे नाव निघाले की घरात दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात, तो जुगार. पोरे म्हणतात, कंपनी मोठी आहे ना, मग घ्या डोळे मिटून. रस्त्यात जमीन गेली, मोबदला बँकेत आला की हा वाद हमखास होतो, आणि हल्ली पोरांच्या तोंडी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या असतात. मंडळी, भाव काय लावला, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

जमिनीचा हिशेब तुम्हाला शिकवायला नको. एकराचा खंड वर्षाला २० हजार धरा. किंमत ४ लाख असेल तर वीस वर्षांत पैसे फिटले. त्याच एकराचे ३० लाख मागितले तर दीडशे वर्षे! तरी घेणारे भेटतात, कारण कालवा येणार अशी बोलवा असते. शेअरचेही तसेच. भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट, ते पाहायचे.

अमेरिकेतली सिस्को कंपनी घ्या. रात्री दारे धरणारा जसा पाणी एका सरीतून दुसरीत वळवतो, तसे इंटरनेटवरचे संदेश वळवणारी यंत्रे ती करते. मार्च २००० मध्ये तिचा शेअर ८० डॉलरच्या घरात गेला, नफ्याच्या दीडशे पटीहूनही वर. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच १० डॉलरच्या खाली. कंपनी बुडाली म्हणाल, तर नाही. इंटरनेट वाडीवस्तीवर पोचले, सिस्कोची विक्री वीस वर्षांत दुपटीहून वाढली. तरी २०२० सरले तेव्हाही भाव ८० ला टेकला नव्हता. कालवा खरोखरच आला, पण त्याचे पाणी घेणाऱ्याने आधीच किमतीत मोजून दिले होते.

आपल्याकडे विप्रो आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपापासून सुरू झालेली ही कंपनी. तिथल्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये भाव दहा हजारांच्या आसपास गेला आणि मग कोसळला. तुपाच्या दिवसांत घेतलेल्यांना ती पडझड सोसली. फेब्रुवारीत घेणारा पोळला. कागद तोच!

बेंजामिन ग्रॅहॅम यांनी १९३४ मध्येच ही विद्या पुस्तकात मांडली होती: आधी मोल ठरवा, मग त्याहून बऱ्याच कमी भावात घ्या, म्हणजे अंदाज चुकला तरी निभावते. त्यांचे शिष्य वॉरेन बफे १९९९ च्या तेजीत संगणकाच्या शेअरपासून लांब राहिले. लोकांनी त्यांना जुनाट ठरवले. पण या विद्येत तंत्रज्ञान वर्ज्य आहे असे समजू नका. ग्रॅहॅम कारखाना, माल, रोकड मोजत. संगणकाच्या कंपनीची पुंजी माणसांच्या डोक्यात आणि गिऱ्हाइकांच्या सवयीत असते, तिथे ते जुने माप तोकडे पडते. बफेंच्या कंपनीने २०१६ पासून अ‍ॅपलचे शेअर घेतलेच की, पण भाव नफ्याच्या दहा-पंधरा पट असताना, आणि त्यात अफाट कमावले.

पोरगा मोबाइलवर शेअर दाखवील, तिथेच 'पी/ई' नावाचा आकडा असतो. तीच ही पट. ती १५० असेल तर त्याला कागद-पेन्सिल द्या. नफा साडेसात पट वाढला, तरच हा भाव नफ्याच्या वीस पटीवर येतो. तो कशाने वाढणार आणि किती वर्षांत, हे त्याने तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगावे. तोवर मोबदल्याचे पैसे बँकेतच असू द्या.