एक तृतीयांश कोठून आले?

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या गणिताच्या शिक्षकाला एक चूक दरवर्षी भेटते. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार बिनचूक असतो आणि उत्तरापुढे मात्र ‘चौरस सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते. अर्धा गुण कापला जातो व प्रकरण मिटते. वस्तुतः ते तेथे सुरू व्हावयास हवे. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. झाकणे आणि भरणे यांतील भेदच मुलाच्या मनात उमटलेला नाही, असे ती सांगत असते.

आठवीच्या गणितात इष्टिकाचिती व वृत्तचिती येतात, पुढे शंकू व गोल. फळ्यावर आकृती, तिच्याखाली सूत्र आणि सूत्राखाली पाच उदाहरणे, हा क्रम रूढ झाला आहे. फळा सपाट, वही सपाट. त्यांवर काढलेला घनही सपाटच! १ सेंटिमीटर बाजूचे लाकडी ठोकळे घेऊन २ सेंटिमीटर बाजूचा घन ज्याने रचला, त्याला आठ ठोकळे लागतात हे सांगावे लागत नाही. ज्याने रचला नाही, तो बाजू दुप्पट झाली की घनफळही दुप्पट झाले असे खुशाल सांगतो.

शंकूच्या सूत्रातील एक तृतीयांश तर आकाशातून पडल्यासारखा येतो. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, हे शिकलेले मूल शंकूही वृत्तचितीच्या निम्मा असेल असे अनुमान करील. त्याला हसण्याचे कारण नाही. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त त्रिकोणी तळाच्या सूचीचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मेच सांगितले आहे, एक तृतीयांशाचा बरोबर नियम ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने दिला. प्रत्यक्ष आर्यभट जेथे चुकला, तेथे ‘निम्मे का नाही?’ असे विचारणाऱ्या मुलाला ‘सूत्र पाठ कर’ म्हणून खाली बसविणे अन्यायाचे आहे. समान तळाचे व समान उंचीचे पुठ्ठ्याचे शंकू आणि नळकांडे करावे, शंकू वाळूने भरून तीनदा ओतावा. नळकांडे काठोकाठ भरते. ही सिद्धता नव्हे, हे खरेच. पण सिद्धतेची भूक लागते ती येथे.

हा प्रश्न गुणांपुरता असता तर त्याची एवढी चर्चा नको होती. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली, तीत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे एक माप होते. तिन्ही आकडे गुणले की २,७०० घनमीटर येतात. परंतु माती ढासळू नये म्हणून तळ्याच्या बाजू उतरत्या ठेवाव्या लागतात. हा उतार मीटरला मीटर धरला, तर तळाशी लांबी-रुंदी २४ मीटरच उरते आणि घनफळ २,१९६ घनमीटर भरते. फरक ५०४ घनमीटरांचा, म्हणजे पाच लाख लीटरांहून अधिक पाण्याचा! खोदाईची मजुरी घनमीटरवर ठरली असेल, तर न खणलेल्या मातीचेही पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जावयाचे. मधल्या पातळीची २७ मीटर बाजू धरून गुणाकार केला, तर उत्तर २,१८७ येते. नेमक्या उत्तराहून अवघे नऊने कमी. एवढे गणित आठवीच्या मुलाला सहज जमावे. मात्र पाणी कोणत्या आकारात साठते, हे त्याला आधी दिसले पाहिजे.

वर्गात पन्नास-साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि डोक्यावर अभ्यासक्रमाचे ओझे, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. साहित्य फुटले तर भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने ठोकळ्यांची पेटी कुलपात राहते हेही सर्वज्ञात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिक्षणाचा पुरस्कार केला. पण प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून पेटीचे कुलूप निघेल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. शिकविले जाते ते अखेर विचारले जाते तेच. तेव्हा सहामाही परीक्षेत एक प्रश्न असा घालून पाहावा, की ज्यात लांबी-रुंदी छापलेली नसेल: शाळेच्या आवारातील पाण्याची टाकी दोरीने व मोजपट्टीने मापून तीत किती लीटर पाणी मावते ते काढा. दोरीने टाकीचा घेर मिळेल, त्रिज्या नव्हे. तेवढी एक अडचण मुलांच्या वाट्याला मुद्दाम ठेवावी.