नव्या गाडीला पहिल्याच पावसात गंज : दोष कंपनीचा, डीलरचा की वापराचा?

वराळे (ता. मावळ) : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमला गर्दी झाली, गावागावांत नव्या गाड्यांची पूजा झाली. पेढे वाटून झाले, हप्ते सुरू झाले. पण गाडीच्या रंगाची आणि पत्र्याची खरी परीक्षा शोरूममध्ये होत नाही, ती पहिल्या पावसाळ्यात होते. दाराच्या खालच्या कडेला तांबूस रेघ दिसते, बॉनेटवर फुगे येतात, नाहीतर डिकीच्या कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटतो. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की उत्तर ठरलेलं असतं, "हवामानामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही." अनेक जण इथंच गप्प बसतात.

वराळे हे इंद्रायणीकाठचं, तळेगाव दाभाडेजवळचं गाव. एका बाजूला तळेगावची एमआयडीसी, पुढं चाकण. देशातल्या मोठ्या गाडी उद्योगांपैकी एक या पट्ट्यात आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस बंद पडला आणि आता ह्युंदाईकडे आहे. आसपासच्या गावांतली पोरं या कारखान्यांत कामाला जातात. म्हणजे गाडी रंगवणारे हात इथलेच, पण तीच गाडी आठ-दहा लाख मोजून दारात आली की रंगात दोष आहे की नाही हे कसं ओळखायचं, आणि असला तर दाद कुठं मागायची, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

रंग म्हणजे फक्त रंग नव्हे

कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा आधी धुऊन तेल-चिकटा काढतात. मग पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवतात. त्यानंतर अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो प्रायमर सांधी-कोपऱ्यांत बसवतात. याला कारखान्यात 'ईडी कोट' म्हणतात. गंज थांबवण्याचं खरं काम हा थर करतो. तो भट्टीत पक्का झाला की जोडांवर सीलर, वर दुसरा प्रायमर, मग रंगाचा थर आणि शेवटी चकाकणारा क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा धरला, तर दोन केसांएवढी जाडी. एवढ्याशा थरावर गाडीचं पाच-दहा वर्षांचं आयुष्य अवलंबून असतं.

यातली एखादी पायरी चुकली तर दोष राहतो. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला तर रंगात खड्डे पडतात. थर नीट पकडला नाही तर पापुद्रा सुटतो. सीलर कमी पडला तर दाराच्या दुमडलेल्या कडेत पाणी शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. फवारा नीट बसला नाही तर रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. हा शेवटचा प्रकार दिसायला खराब, पण पत्र्याला त्याचा धोका नसतो. आतून आलेला गंज मात्र थांबत नाही. वरून रंग मारला तरी तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डोकं काढतो.

अशा चुका मोठ्या कंपन्यांच्याही होतात. टोयोटाच्या काही पांढऱ्या गाड्यांत उन्हामुळे तळाच्या थराची पकड सुटून रंग निघत होता. कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेत अशा गाड्यांसाठी खास दुरुस्ती योजना काढली. याच कंपनीच्या पिकअप गाड्यांच्या चासी गंजल्याच्या दाव्यात २०१६ मध्ये अमेरिकेत तडजोड झाली. सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न होता आणि तडजोडीची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. तेव्हा 'कंपनीचा रंग कधी चुकत नाही' या बोलण्यात काही तथ्य नाही.

प्रत्येक डाग दोष नसतो

दुसरी बाजूही बघायला हवी. पाऊस पडून गेल्यावर ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर येतो, तो दोन-चार ब्रेक मारले की जातो. सायलेन्सरच्या पाइपवर, खालच्या बोल्टवर वरवरचा गंज दिसणं नेहमीचं आहे. पांढऱ्या गाडीवर बारीक तांबडे ठिपके दिसले तर ते बऱ्याचदा बाहेरून येऊन चिकटलेले लोखंडाचे कण असतात. कारखाने आणि रेल्वेमार्ग जवळ असलेल्या भागात हे होतं. ते योग्य औषधाने साफ होतात. खडी उडून पडलेला टवका हाही कंपनीचा दोष धरला जात नाही.

गावातल्या वापराचा भागही मोठा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली तळेगावकडं तो कमी असला तरी चार महिने ओल हटत नाही. भातलावणीच्या दिवसांत चाकांच्या वरच्या खोबणीत चिखल बसतो आणि आतल्या पत्र्याला ओला ठेवतो. डिकीतून युरियाची, पोटॅशची गोणी नेली आणि थोडं खत सांडलं, तर ते ओल धरून पत्रा खातं. पोटॅशमधलं क्लोराइड मिठासारखंच काम करतं. गोठ्याला लागून गाडी लावली तर गोमूत्राचा अमोनियाही रंगाला सोसत नाही. ओल्या गाडीवर कव्हर टाकणं हे तर गंजाला आमंत्रणच.

त्यात बाहेरून बसवलेल्या वस्तू. फूटस्टेप, मडफ्लॅप, पुढचा लोखंडी गार्ड यांसाठी पत्र्याला भोक पाडलं की ईडी कोट तिथं तुटतो. मग त्या जागेच्या गंजाला वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. पुढच्या गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करण्यास राज्यांना कळवलं आहे.

मग फरक ओळखायचा कसा? ढोबळ खूण अशी. टवका किंवा ओरखडा पडलेल्या जागीच गंज असेल तर तो बहुधा बाहेरून आलेला. रंग वरून अखंड आहे, कुठं मार नाही, तरी खालून फुगा येतोय किंवा जोडातून तांबडं पाणी झिरपतंय, तर तो आतून आलेला. दोन्ही दारांना एकाच जागी तोच प्रकार दिसला तर कारखान्यातल्या चुकीचा संशय आणखी पक्का होतो.

तिसरा खेळाडू : डीलरचं यार्ड

कारखाना आणि ग्राहक यांच्यात आणखी एक टप्पा असतो. गाडी ट्रेलरवर चढते, उतरते, यार्डात उघड्यावर महिनोन्‌महिने उभी राहते. वाटेत ओरखडा पडला तर कधी कधी बाहेरच रंग मारून गाडी 'नवी' म्हणून दिली जाते. ग्राहकाला पत्ता लागत नाही.

गोव्यातलं एक प्रकरण इथं बोलकं आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी घेतली. हातात आली ती २००९ ची बनावट, ६२२ किलोमीटर चाललेली, गंज आणि ओरखडे असलेली. त्याने ग्राहक मंचात धाव घेतली. मंचाने डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरलं, वरच्या दोन्ही आयोगांनी तेच कायम ठेवलं. पण १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीवरची जबाबदारी काढून टाकली. कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता आणि डीलरने जुनी गाडी नवी म्हणून खपवली हे कंपनीला माहीत होतं, असं तक्रारीत मांडलेलं किंवा सिद्ध झालेलं नव्हतं, हे त्यामागचं कारण.

या निकालाचा धडा गावातल्या ग्राहकासाठी सरळ आहे. तक्रारीत फक्त दोघांची नावं टाकून भागत नाही. कंपनीने काय चुकवलं आणि डीलरने काय चुकवलं, हे वेगवेगळं लिहावं लागतं.

अख्खी गाडी बदलून मिळेल का?

बहुतेकांची पहिली मागणी हीच असते. कायद्यात दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं आणि भरपाई हे सगळे उपाय आहेत. पण २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. त्यामुळे एका दाराच्या गंजावर नवी गाडी मागितली तर प्रकरण ताणलं जातं. नीट दुरुस्ती, तिची लेखी हमी आणि घटलेल्या किमतीची भरपाई ही मागणी जास्त टिकते.

भरपाईचा मुद्दा सोडू नये. कारखान्यात रंग भाजतात तेव्हा गाडीत ना वायरिंग असतं ना प्लास्टिक, म्हणून वरचे थर १४० अंशांच्या आसपास भाजता येतात. तयार गाडीला गॅरेजच्या बूथमध्ये साठ-ऐंशी अंशांच्या वर नेता येत नाही. म्हणजे पुन्हा मारलेला रंग कितीही चांगला असला तरी मूळ रंगासारखा होत नाही. उद्या गाडी विकताना घेणारा जाडी मोजायचं यंत्र लावतो, आकडा दुप्पट-तिप्पट आला की "गाडी ठोकलेली आहे" म्हणून भाव पाडतो. चूक कारखान्याची आणि तोटा ग्राहकाचा, असं होऊ द्यायचं नसेल तर तो तोटा आधीच मागावा लागतो.

वॉरंटीच्या पुस्तिकेतला एक शब्दही तपासायला हवा. काही कंपन्या गंजासाठी वेगळी, जास्त वर्षांची हमी देतात. पण ती बहुधा पत्र्याला आतून भोक पडलं तरच लागू होते. वरवरच्या गंजाला साधी वॉरंटी, तीही मुदतीत. विक्रीच्या वेळी 'सहा वर्षं गंजाची गॅरंटी' असं तोंडी सांगितलं जात असेल, तर हे कलम पानावर दाखवायला लावावं.

कागद नाही तर केस नाही

गाडीचा ताबा घेताना : पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी, धुतलेली आणि कोरडी गाडी बघावी. दारं, बॉनेट, डिकी उघडून कडा आणि जोड तपासावेत. बनावटीचा महिना-वर्ष आणि किलोमीटरचा आकडा यांचा फोटो घ्यावा. शक्य असेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून रंगाची जाडी मोजून घ्यावी. एखादाच पत्रा बाकीच्यांपेक्षा खूप जाड निघाला तर तो पुन्हा रंगवलेला असू शकतो. प्लास्टिकच्या बंपरला मात्र हे यंत्र सहसा चालत नाही.

दोष दिसल्यावर : जवळच्या गॅरेजमध्ये लगेच रंग मारून घेऊ नये, पुरावाच पुसला जातो. तारखेसह फोटो काढावेत. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर 'दाराच्या आतून गंज' असे नेमके शब्द लिहून घ्यावेत. 'टचअप' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नये. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. मग कंपनी आणि डीलर दोघांना ईमेल आणि स्पीड पोस्ट.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. तिथं समझोत्याचा प्रयत्न होतो, आदेश होत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मावळातल्या माणसाला पुण्याचा आयोग पुरतो, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी पाच लाखांपर्यंत शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर मोबाइलवरूनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. "पुढच्या सर्व्हिसला बघू" असं ऐकत बसलं की हीच मुदत निघून जाते.

दोष बघून कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. कायद्याने तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरूनच कागद पक्के ठेवावेत. पोटासाठी गाडी स्वतः चालवणारा टुरिस्ट किंवा टेम्पोवालाही 'ग्राहक' धरला जातो. मात्र गाडी आपल्या उपजीविकेची आहे हे तक्रारीत लिहायला हवं.

कायद्यातली फट

१ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे सक्तीचे नियम लागू झाले. पण ते सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांसाठी आहेत. चासी किंवा ब्रेकचा पाइप गंजला तर त्यात बसू शकेल. दाराचा, डिकीचा गंज त्यात बसत नाही. म्हणजे एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांना एकाच जागी गंज आला, तरी प्रत्येक मालकाला एकट्यानं भांडावं लागतं. एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, पण त्यासाठी आधी एकमेकांचा पत्ता लागायला हवा.

इथं गावाचा उपयोग आहे. वराळे, आंबी, इंदोरी, तळेगाव या पट्ट्यात एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या गाड्या थोड्या नाहीत. दाराची खालची कड वाकून बघायला एक मिनिट लागतं. एका गाडीचा गंज 'हवामान' म्हणून उडवून लावता येतो. त्याच जागी, त्याच वर्षाच्या पाच गाड्यांचा गंज तारीख घातलेल्या फोटोंसह समोर ठेवला, तर तेच उत्तर देणं अवघड जातं.